‘तिकडे कायदेशीर आहे’, पण नेमकं कुणासाठी?

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरातलं कुणी अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी सवडीने वाचली तरी चालेल.

“अहो, तिकडे तर गांजा कायदेशीर झालाय!” हे वाक्य हल्ली फार कानावर पडतं. लग्नाच्या पंगतीत, सलूनमध्ये, आमच्या पत्रकारांच्या चहाच्या टपरीवर. कुणी कौतुकाने सांगतं, कुणी ‘बघा, कुठं चाललंय जग’ या सुरात. सुट्टीवर आलेली पोरं तर खांदे उडवत सांगतात, “काका, लीगल आहे तिकडे, त्यात काय एवढं?” माझा मुद्दा साधा आहे. हे वाक्य अर्धं आहे. उरलेलं अर्धं ज्याला माहीत नाही, त्याचं तिथलं शिक्षण, नोकरी, व्हिसा सगळं एका फटक्यात जाऊ शकतं. गांजा चांगला की वाईट हा वाद आपण नंतर घालू. आधी कायदा काय आहे ते बघू, कारण तो वाटतो तसा नाहीच.

आज अमेरिकेतल्या २४ राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये २१ वर्षांवरच्या माणसाला मौजेसाठी गांजा बाळगायला त्या त्या राज्याच्या कायद्याने परवानगी आहे. औषध म्हणून परवानगी देणारी राज्यं चाळीसच्या आसपास आहेत. कोलोराडो आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदान घेऊन सुरुवात केली, आणि १ जानेवारी २०१४ ला कोलोराडोत पहिली दुकानं उघडली. आपली मराठी मंडळी जिथं गठ्ठ्याने राहतात त्या कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, इलिनॉय, न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्स या सगळ्या राज्यांत आता अशी दुकानं आहेत. दुकानाला ते ‘डिस्पेन्सरी’ म्हणतात. आपल्याला डिस्पेन्सरी म्हटलं की नगरपालिकेचा दवाखाना आणि बाटलीतलं लाल औषध आठवतं. तिथं काचेच्या कपाटात गोळ्या, चॉकलेटं, फुलं, तेलं मांडलेली असतात, दारावर वय तपासतात, पावती देतात, कर घेतात. पावती मिळाली की माणसाला वाटतं झालं, सरकारमान्य आहे.

सरकारमान्य खरंच आहे. फक्त तिथं सरकारं दोन आहेत.

राज्याचा कायदा वेगळा आणि केंद्राचा वेगळा. केंद्राचा कायदा १९७० चा, निक्सन यांच्या काळातला. त्यात गांजा पहिल्या परिशिष्टात टाकला, म्हणजे हेरॉइनच्या पंक्तीला. गंमत अशी की खुद्द निक्सन यांच्या काळात नेमलेल्या शेफर आयोगाने १९७२ मध्ये सांगितलं होतं की स्वतःच्या वापरापुरता गांजा बाळगणं हा गुन्हा ठरवू नका. निक्सन यांनी तो अहवाल बाजूला ठेवला. अहवाल बाजूला ठेवायची कला फक्त आपल्याकडे आहे असं समजू नका.

मग राज्यांनी वेगळी वाट कशी धरली? ही कथा सॅन फ्रान्सिस्कोत सुरू होते, आणि तिच्यात नशेपेक्षा आजारपण जास्त आहे. ऐंशीच्या दशकात तिथं एड्सने तरुण माणसं पटापट मरत होती. औषधांनी पोटात अन्न ठरत नव्हतं, अंगावरचं मांस झडत होतं. गांजाने मळमळ थांबते, भूक लागते, असं रुग्णच एकमेकांना सांगत होते. मेरी रॅथबन नावाची एक वयस्कर बाई घरी गांजा घालून ब्राउनी भाजायची आणि रुग्णालयातल्या एड्सच्या रुग्णांना फुकट वाटायची. लोक तिला ‘ब्राउनी मेरी’ म्हणत. तिला पोलिसांनी अटक केली, एकदा नाही, तीनदा. डेनिस पेरॉन हा तिचा सहकारी. त्याचा जोडीदार एड्सने गेला. या लोकांनी सह्या गोळा केल्या, आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ५५ टक्क्यांहून जास्त मतांनी औषधी गांजाला परवानगी देणारा ‘प्रस्ताव २१५’ मंजूर केला. आज जे चकचकीत दुकान दिसतं त्याच्या मुळाशी ही मरणाच्या दारातली माणसं आहेत, आणि त्यांच्यासाठी माझ्या मनात आदरच आहे.

पण केंद्राचा कायदा जागचा हलला नाही. त्याचं काय होतं ते २००२ मध्ये कळलं. कॅलिफोर्नियातल्या डायन मॉन्सन या बाईंनी पाठीच्या दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या सल्ल्याने घरी सहा रोपं लावली होती. एके दिवशी जिल्ह्याचे पोलिस आणि केंद्राच्या अंमली पदार्थ खात्याचे लोक एकत्रच दारात आले. जिल्ह्याच्या पोलिसांनी कागद बघितले आणि म्हणाले, राज्याच्या कायद्याप्रमाणे सगळं बरोबर आहे. केंद्राचे लोक म्हणाले, आमच्या कायद्याप्रमाणे नाही. एकाच अंगणात दोन सरकारं तीन तास एकमेकांसमोर उभी राहिली, आणि शेवटी केंद्राच्या लोकांनी ती सहाही रोपं नष्ट केली. बाई आणि त्यांच्यासारखीच आजारी असलेल्या एंजेल रेच कोर्टात गेल्या. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला की राज्याने परवानगी दिली तरी केंद्राला बंदी घालता येते, अगदी स्वतःच्या घरी, स्वतःसाठी लावलेल्या रोपावरसुद्धा.

यातला शेतकऱ्यांना पटकन कळेल असा भाग सांगतो. या निकालाचा मोठा आधार होता १९४२ चा एक गव्हाचा खटला. ओहायोतल्या रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याला सरकारने ११.१ एकर गहू पेरायची मुभा दिली होती, त्याने पेरला २३ एकर. जास्तीचा गहू आपल्या घरच्यासाठी आणि जनावरांसाठी आहे, बाजारात आणणारच नाही, असं तो म्हणाला. कोर्ट म्हणालं, तू घरचा गहू खाल्लास म्हणजे बाजारातला घेतला नाहीस, म्हणजे देशाच्या व्यापारावर परिणाम झालाच. त्या गव्हाच्या खटल्याचा धागा पकडून साठ वर्षांनी एका आजारी बाईची सहा रोपं बेकायदा ठरली. कायद्याची मुळं कुठून कुठं जातात बघा.

तेव्हापासून आजपर्यंत तिथला सगळा कारभार एका अलिखित समजुतीवर चाललाय. केंद्र म्हणतं, कायदा आमचाच वरचा, पण आम्ही सध्या डोळेझाक करतो. ओबामांच्या काळात २०१३ ला तसं परिपत्रक निघालं, ट्रम्प यांच्या पहिल्या काळात जानेवारी २०१८ ला ते मागे घेतलं. संसद २०१४ पासून खर्चाच्या विधेयकात एक कलम घालते की औषधी गांजाबाबत राज्यांच्या आड येण्यासाठी पैसे वापरू नका. म्हणजे परवानगी नाही, फक्त कारवाईला पैसे नाहीत! २०२१ मध्ये न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनीही लिहिलं की केंद्राचं हे धोरण ना धड बंदी, ना धड मोकळीक असं आहे. थॉमस हे काही उदारमतवादी न्यायाधीश नव्हेत, हे विशेष.

आता ही डोळेझाक कुणाला पुरते? तिथल्या गोऱ्या, खात्यापित्या, नागरिक असलेल्या माणसाला बऱ्यापैकी पुरते. जो बाहेरून आलाय त्याला पुरत नाही, कारण व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हा सगळा प्रांत केंद्राचा. तिथं राज्याच्या दुकानाची पावती चालत नाही. उलट तीच पावती पुरावा ठरू शकते.

इथं जरा थांबून नीट वाचा.

अमेरिकेचा व्हिसा मागताना जो फॉर्म भरतात, डीएस-१६०, त्यात एक प्रश्न आहे की तुम्ही अंमली पदार्थांविषयीचा कुठलाही कायदा कधी मोडलाय का. आपल्याकडे फॉर्म भरून देणारा माणूस सगळ्यांपुढे ‘नाही’ टिचकवत जातो, आणि पहिल्या वेळी ते खरंही असतं. पोरगं तिथं जातं, एका वीकेंडला मित्रांबरोबर डिस्पेन्सरीत जातं, दोन-तीन वर्षांनी व्हिसाच्या शिक्क्यासाठी परत मुंबईच्या वकिलातीत उभं राहतं. प्रश्न तोच आहे. आता खरं उत्तर काय? राज्याच्या कायद्याने त्याने काहीच मोडलं नाही, केंद्राच्या कायद्याने मोडलंय. खरं लिहिलं तर व्हिसा धोक्यात, खोटं लिहिलं तर तो वेगळाच आणि कायमचा डाग. तिथल्या इमिग्रेशन कायद्यात शिक्षा झालेली असणंही गरजेचं नाही, गुन्ह्याची रीतसर कबुली दिली तरी प्रवेश नाकारता येतो. ग्रीन कार्डच्या वेळी डॉक्टरी तपासणी असते, तिथंही नशेच्या पदार्थांबद्दल विचारतात. पोरगं डॉक्टरसमोर बसलंय म्हणून मोकळेपणाने बोलतं. तो डॉक्टर त्या क्षणी सरकारसाठी फॉर्म भरत असतो.

आणि हे कसं कळणार कुणाला, असं म्हणाल, तर जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडियावरची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगितलंय, आणि डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी वाल्यांनाही. डिस्पेन्सरीच्या पाटीखाली उभं राहून टाकलेला फोटो आपल्या आत्याने बघितला नाही तरी वकिलातीतला माणूस बघू शकतो.

आपली मंडळी फिरायला जातात ती ठिकाणंच घ्या. ॲरिझोना राज्यात २०२० पासून गांजा कायदेशीर, पण ग्रँड कॅन्यन हे राष्ट्रीय उद्यान केंद्राच्या जमिनीवर. उद्यानाच्या फाटकाच्या आत खिशातली गोळी हा केंद्राचा गुन्हा. नायगाराला तर कमालच आहे. अलीकडे न्यू यॉर्क राज्य, तिथं २०२१ पासून कायदेशीर. पलीकडे कॅनडा, तिथं ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर. मध्ये फक्त पूल. त्या पुलावरून गोळ्यांची डबी अलीकडून पलीकडे नेली, की दोन्ही देशांच्या कायद्याने गुन्हा. आणि पुलावरचा अधिकारी विचारतो, तिकडे जाऊन काय केलंत? पाहुणा हसत हसत सांगतो, “ट्राय केलं एकदा.” त्याच्या पुढच्या प्रवासाला तेवढं वाक्य पुरतं.

ग्रीन कार्ड मिळालं म्हणजे सुटलो, असंही नाही. कायद्यात एक छोटी सूट आहे. ३० ग्रॅमपर्यंत गांजा स्वतःसाठी बाळगल्याच्या एकाच गुन्ह्यावरून देशाबाहेर काढत नाहीत. पण ही सूट आत बसलेल्याला आहे. तोच माणूस भाच्याच्या लग्नाला नाशिकला आला आणि परत गेला, तर विमानतळावर तो नव्याने प्रवेश मागणारा धरला जाऊ शकतो, आणि प्रवेशाच्या नियमांत ही सूट आपोआप लागू नाही, वेगळी माफी मागावी लागते. म्हणजे घरात बसून राहिलास तर चालेल, आईला भेटायला गेलास तर अडकशील. असा कायदा कुणी मुद्दाम लिहिला असेल असं मला वाटत नाही. तुकड्यातुकड्याने बदल करत गेलं आणि मधली भोकं कुणी बघितलीच नाहीत, की असा कायदा तयार होतो.

हे सगळं वाचून ‘आमचा तर सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी पुढचं सांगतो. आमच्या गावातले एक निवृत्त मास्तर, मला शिकवलेले, महिनाभरापूर्वी त्यांचा फोन आला. “अरे, तू पेपरात आहेस, तुला माहीत असेल. पोराला नोकरी आलीय, घ्यावी का?” पोरगं एमएस झालेलं, शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यावर. त्या परवान्यात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, आणि त्याचे बरेच दिवस संपलेले. ऑफर होती एका कंपनीची, जी डिस्पेन्सऱ्यांना बिलिंगचं आणि साठ्याच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर पुरवते. कोड लिहायचा, बाकी काही नाही. गांजा दिसणारसुद्धा नाही.

मी म्हटलं, सर, आधी तिथल्या इमिग्रेशन वकिलाला विचारू दे, तोवर सही नको. कारण एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या नागरिकत्व खात्याने लेखी सांगितलंय की राज्यात कायदेशीर असलेल्या गांजा उद्योगातली नोकरीसुद्धा ‘चांगलं चारित्र्य’ या अटीला बाधा आणू शकते. त्याच सुमारास डेन्व्हरमध्ये दोन स्थलांतरितांना, एक लिथुआनियातून आलेली बाई, दुसरा एल साल्वादोरमधून लहानपणी आलेला तरुण, नागरिकत्वाच्या वाटेत हेच आडवं आलं. दोघं राज्याच्या परवान्याने चालणाऱ्या उद्योगात काम करत होती. डेन्व्हरचे तेव्हाचे महापौर मायकल हॅन्कॉक यांनी अमेरिकेचे ॲटर्नी जनरल विल्यम बार यांना पत्र लिहून हा अन्याय आहे असं कळवलं. ज्या शहराची तिजोरी त्या उद्योगाच्या करावर भरते, त्याच उद्योगात रोपांना पाणी घालणारा माणूस चारित्र्यहीन? सॉफ्टवेअर लिहिणारा त्यात येतो का नाही, हे धूसर आहे, आणि वकील म्हणतात धूसर जागेत परदेशी माणसाने उभं राहू नये. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे कंपनीला लायसन, मालकाला नफा, सरकारला टॅक्स, आणि गुन्हा माझ्या पोराचा?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोराने ती ऑफर सोडली. अजून शोधतोय.

काहींना वाटेल आता केंद्रातही बदल होतोय. होतोय. बायडेन यांच्या काळात ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्य खात्याने शिफारस केली की गांजा पहिल्या परिशिष्टातून तिसऱ्यात आणा, मे २०२४ मध्ये तसा प्रस्ताव निघाला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनीही ही प्रक्रिया लवकर उरका असा आदेश काढला. बातम्यांत ‘गांजावरची बंदी उठणार’ असे मथळे आले. मथळे देणाऱ्या जमातीतलाच मी आहे, तरी सांगतो, पूर्ण बातमी वाचा. इमिग्रेशनचा कायदा ‘नियंत्रित पदार्थ’ एवढंच म्हणतो, परिशिष्ट पहिलं का तिसरं हे विचारत नाही. तिसऱ्यात गेल्याने कंपन्यांचा आयकर हलका होईल, संशोधन सोपं होईल, ती चांगलीच गोष्ट आहे. मास्तरांच्या पोराच्या अडचणीत फरक पडणार नाही. बायडेन यांनी ऑक्टोबर २०२२ ला गांजा बाळगल्याच्या केंद्रीय गुन्ह्यांना माफी दिली, तीही नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना. विद्यार्थी आणि एच-वन-बी वाले त्यात नव्हते.

फक्त आपल्याच लोकांचं रडगाणं गातोय असं वाटायला नको. या दुटप्पी कायद्याचा सगळ्यात जुना आणि मोठा मार तिथल्या काळ्या लोकांनी खाल्लाय. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या २०१३ च्या अहवालात आकडा होता की गोरे आणि काळे साधारण सारख्याच प्रमाणात गांजा ओढतात, पण बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता काळ्यांची ३.७३ पट. २०२० मध्ये परत मोजलं, मधल्या काळात कितीतरी राज्यांनी कायदे बदलले होते, तरी आकडा ३.६४ पट! सरकारी अनुदानाच्या घरात राहणाऱ्या गरिबाला डॉक्टरांचं कार्ड असलं तरी गांजावरून घराबाहेर काढता येतं, कारण घर केंद्राच्या पैशाचं. बंगल्यात राहणाऱ्याला तोच कायदा दिसतसुद्धा नाही. इलिनॉय, न्यू यॉर्क यांसारख्या राज्यांनी नवा कायदा करताना जुन्या शिक्षांच्या नोंदी पुसायची सोय केली, हे मला त्या सगळ्या बदलांतलं सगळ्यात शहाणपणाचं कलम वाटतं.

आता माझं मत विचाराल तर, मी गांजाचा पुरस्कर्ता नाही. आमच्या गावात बसस्टँडमागे संध्याकाळी काय चालतं ते मला माहीत आहे. वीस-बावीस वर्षांची पोरं बसून असतात, डोळ्यांत काही नसतं. आणि आजचा माल आपल्या साधूबुवांच्या चिलमीतला नाही. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात १९९५ ला नशेच्या घटकाचं प्रमाण सरासरी ४ टक्के होतं, २०१४ ला ते १२ च्या आसपास गेलं, आणि दुकानात विकला जाणारा त्याहून तेज असतो. कमी वयात, रोज, असा तेज माल घेणाऱ्याला भ्रमाचे आजार होण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टर सांगतात ते खरंच आहे. पण कॅन्सरच्या रुग्णाची मळमळ, लहान मुलांच्या काही दुर्मीळ फिट्स, यांवर याच झाडातून औषधं निघालीत आणि तिथल्या औषध प्रशासनाने मंजूर केलीत. २०१८ मध्ये फिट्सवरच्या अशा एका औषधाला परवानगी मिळाली. औषध द्या, संशोधन करू द्या, ओढणाऱ्याला तुरुंगात कोंबू नका, विकणाऱ्यावर नजर ठेवा. एवढंच माझं म्हणणं, आणि ते एका कायद्याने करा, दोन कायद्यांच्या फटीत माणसं अडकवून नको.

हा धडा आपल्याला का लागू आहे तेही सांगतो. आपला एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्याआधी कितीतरी राज्यांत गांजाची सरकारी परवान्याची दुकानं होती, म्हाताऱ्या माणसांना विचारा. या कायद्यात झाडाची फुलं-बोंडं म्हणजे गांजा, बेकायदा. नुसती पानं म्हणजे भांग, ती व्याख्येच्या बाहेर, राज्यांच्या हातात. म्हणून वाराणसीत भांगेचं सरकारी दुकान आहे आणि आमच्या खानदेशात शिरपूरकडे तुरीच्या आड लावलेली झाडं सापडली की दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचं कलम. मी वीस वर्षं त्या बातम्या टाइप करतोय. पोलिसांची प्रेसनोट येते, ‘इतके किलो, इतका मुद्देमाल, एक ताब्यात’. तो एक जवळजवळ नेहमीच सातपुड्याच्या पायथ्याचा आदिवासी असतो. पैसा पुरवणारा, माल उचलणारा, इंदूर-मुंबईला विकणारा, यांचं नाव प्रेसनोटमध्ये मी फार क्वचित बघितलंय.

आता आपल्याकडेही राज्यं हलायला लागलीत. उत्तराखंडने २०१८ मध्ये धाग्यासाठीच्या भांगेच्या लागवडीला परवाना दिला. हिमाचलच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये औषधी आणि औद्योगिक लागवडीची शिफारस करणारा समितीचा अहवाल स्वीकारला. गोव्यात २०२० च्या शेवटी औषधी लागवडीचा प्रस्ताव चर्चेत आला, आरडाओरडा झाला आणि बारगळला. महाराष्ट्रातही उद्या कुणीतरी ‘शेतकऱ्याला नवं नगदी पीक’ म्हणून हा विषय काढणार, मला खात्री आहे. तेव्हा आपण पहिला प्रश्न उत्पन्न किती हा विचारू नये. पीक शेतात असताना नशेच्या घटकाचं प्रमाण हद्दीपेक्षा वर गेलं, जे हवामानानेही जाऊ शकतं, तर अटक कुणाला होणार, शेतकऱ्याला की बियाणं देणाऱ्या कंपनीला? एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेताना ट्रक अडवला तर ड्रायव्हर कुठल्या कायद्याखाली? आधी पकडलेल्या त्या पायथ्याच्या माणसांच्या खटल्यांचं काय? हे तिन्ही प्रश्न विधानसभेत लेखी उत्तरासह आले, तर मी त्या बिलाच्या बाजूने लिहीन.

तोपर्यंत, ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांच्यासाठी. आज फोनवर बोलाल तेव्हा ओरडू नका, ओरडलं की पोरं खरं सांगत नाहीत. एवढंच विचारा की गाडीत, खोलीत, बॅगेत असलं काही आहे का, रूममेटचं तरी. असेल तर ते घेऊन विमानात, राष्ट्रीय उद्यानात, सीमेवर जायचं नाही, आणि भारतात येताना तर अजिबात नाही, इथं एनडीपीएस आहे. टेक्सासला शिकणाऱ्यांनी शेजारच्या न्यू मेक्सिकोतून आणलेली तेलाची कांडी किंवा गोळी म्हणजे टेक्सासच्या कायद्यात थेट गंभीर गुन्हा, प्रमाण कितीही कमी असलं तरी. आधीच काही घडून गेलं असेल तर फॉर्मवर स्वतःच्या डोक्याने खरंखोटं काही लिहू नका, फॉर्म भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जा, फी जाते तर जाऊ द्या. विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी बऱ्याचदा मोफत कायदेशीर सल्ला मिळतो, तिथून सुरुवात करा.

मास्तरांचा मुलगा डेटाबेसचं काम करतो, दोन वर्षांचा अनुभव आहे. कुणाच्या ओळखीत तिकडे जागा असेल तर मला इनबॉक्स करा, नाव-नंबर मी देतो.